गावाचे हात

समोर सतरंजीवर बसलेल्या आयाबाया, मागे भिंतीला टेकून उभी असलेली पोरं, आणि आत यावं की नको अशा विचारात दाराशी थांबलेल्या माझ्या बहिणींनो, आत या. पुढे भरपूर जागा आहे. आजचं बोलणं तुमच्याविषयी आहे, ते दारातून ऐकू नका.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी शिकले. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही तर गुरुजी सायकल काढून वस्तीवर जायचे. दारात उभं राहून एकच विचारायचे, "पोरगी कुठाय?" सोबत ना नोटीस असायची, ना पोलीस. पण गावात कुणीतरी विचारणारा आहे, एवढं त्या घराला समजायचं. आज मला जे सांगायचं आहे, ते गुरुजींच्या त्या दोन शब्दांपासूनच सुरू होतं.

विषय आहे बायकांवर आणि लेकरांवर होणारा अत्याचार, आणि त्यात गावाचं काम काय. मी एका वेगळ्याच प्रसंगापासून सुरुवात करते. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात सापडली आणि उजनीच्या पाण्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यात दोन लहान लेकरं होती. इकडे करमाळा तालुका, तिकडे इंदापूर. एका काठाचा जिल्हा सोलापूर, दुसऱ्याचा पुणे. तरी दोन्ही काठांवर माणसं धावली. आपत्ती दलाची पथकं आली. दोन रात्री उलटल्यावर देह हाती लागले, तोवर लोक काठावरून हलले नाहीत.

त्या संध्याकाळी कुणी म्हणालं का, की हा त्यांच्या घरचा मामला आहे? होडीत बसायला त्यांना कुणी सांगितलं होतं, असं विचारून कुणी घरी गेलं का? नाही गेलं. बुडणाऱ्याला हात द्यायचा असतो, हे काठावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग त्याच गावात, त्याच आठवड्यात, चार भिंतींच्या आत एखादी बाई जिवाच्या आकांतानं ओरडते, तेव्हा हेच हात कुठे जातात?

उत्तर शोधायचं तर आधी आपण राहतो कसे ते बघावं लागेल. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. भीमा अडली, यशवंतसागर भरला, ११७ टीएमसीचा. या पाण्यानं सोलापूर शहराची तहान भागवली, आपल्या उसाला आणि कंदर-टेंभुर्णीकडच्या केळीला पाणी दिलं. ते मी नाकारत नाही, मीही त्याच उसावर वाढले. पण त्या पाण्यानं आपली गावठाणं गिळली. पाणी फार आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर येतो. धरण मायनसमध्ये गेलं की लोक मोटारसायकली काढून बघायला जातात, फोटो काढतात. माझी आई एकदाच गेली. तिनं देवळाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाळात पायानं चाचपडत ती आमच्या घराची जोती शोधत होती. म्हणाली, "इथं आमची भिंत, आन् ही लगेच काकूंची. मदी बोटभर जागा न्हवती."

बोटभर जागा नव्हती, हे लक्षात ठेवा. जुन्या गावात भिंतीला भिंत होती. नवरा बायकोवर हात उगारायचा तेव्हा पलीकडून सासूच्या वयाची कुणीतरी खोकायची, भांडं आपटायची, नावानं हाक मारायची. मार थांबायचाच असं नाही. जुन्या गावात बाई सुखात होती, असं खोटं मी सांगणार नाही. पण ऐकणारा कान शेजारी होता. पुनर्वसनात गाव फुटलं. कुणी इकडच्या वसाहतीत गेलं, कुणी तिकडच्या. उरलेल्यांनी काठाच्या रानात वस्त्या केल्या, कारण मोटार रानात, जनावरं रानात, आणि रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला माणूस रानातच लागतो. मोबदल्याची खाती निघाली ती खातेदाराच्या नावानं, आणि खातेदार बहुतेक ठिकाणी पुरुष. त्या हिशेबात आपल्या आयांची ना जमीन धरली गेली, ना शेजार. शेजाराचा पंचनामा कोणत्या तलाठ्यानं करायचा?

आता वस्तीवर काय परिस्थिती आहे? दोन घरांच्या मध्ये दहा-बारा फूट उंचीचा ऊस. आषाढापासून तोड होईपर्यंत पलीकडचं घर दिसत नाही. मोटारीचा आवाज, उसाच्या पानांचा आवाज, त्यात माणसाचा आवाज विरून जातो. आपल्या भागातल्या अत्याचाराचं हे खास रूप आहे, आणि ते मुंबई-पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाही. हाक पोचतच नाही.

आणि पोचली तर?

इथं मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बरीच वर्षं झाली. आमच्या वस्तीपासून एक पट्टी सोडून एक घर होतं. एका रात्री ऊस नुकताच तुटून गेला होता, म्हणून आवाज स्वच्छ आला. मी उठले. दाराबाहेरचा बल्ब लावला. उंबऱ्यात उभी राहिले. घरातून मला कुणीतरी म्हणालं, "नवराबायकोचं हाय, सकाळी गोड हुतील." मी थोडा वेळ थांबले आणि बल्ब मालवून आत आले. पुढं वर्षभरानं ती बाई पिठाच्या गिरणीत भेटली. तिनं मला दोष दिला नाही. पीठ झटकत सहज बोलावं तसं बोलली. "बाई, त्या रातीला तुमच्या दारातला बल्ब लागलेला दिसला मला. वाटलं, आता कुणीतरी यील." एवढं बोलून तिनं डबा डोक्यावर घेतला आणि गेली. मी ती गोष्ट आजवर कुठल्याच व्यासपीठावरून सांगितली नव्हती.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. तो काय म्हणतो? अत्याचार होतो आहे असं ज्याला वाटतं, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे शेजारीण, किराणा दुकानदार, दूध घालायला येणारा पोऱ्या. चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याबद्दल कळवणाऱ्यावर काही येत नाही, हेही त्यात लिहिलं आहे. शेजाऱ्याला घराच्या दारापर्यंत जायचा हक्क कायद्यानं देऊन ठेवला आहे. तो वापरला नाही आपण. मी नाही वापरला.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते आणि तिथं जरा जास्त थांबते, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या कपाळावर लिहिलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना विचारलं, तुमचं लग्न अठराच्या आत झालं का? महाराष्ट्रात साधारण २२ टक्के 'हो' म्हणाल्या. सोलापूर जिल्ह्यात साधारण ४०. राज्याच्या जवळजवळ दुप्पट! आपण ज्या जिल्ह्यात द्राक्षं, डाळिंब, केळी परदेशी पाठवतो, त्या जिल्ह्यात शंभरातल्या चाळीस पोरी अठराच्या आत उजवल्या जातात.

'उजवणं' हा शब्द बघा. 'हात पिवळे केले', 'कर्तव्यातून मोकळं झालो', 'साखरपुड्यातच उरकून घेतलं'. केवढे प्रेमळ शब्द आहेत आपल्याकडे! आणि त्या शब्दांच्या आत काय असतं? सोळा वर्षांची पोर, जिला नववीतल्या भूमितीचं प्रमेय पाठ येतं, ती दुसऱ्या तालुक्यातल्या अनोळखी घरात पहाटे पाचला उठून चूल पेटवते, आणि सतराव्या वर्षी रक्त कमी म्हणून दवाखान्यात झोपते. तिच्यावर रात्री जे होतं त्याला आपण संसार म्हणतो. मी त्याला अत्याचार म्हणते. आईबापाच्या डोळ्यांत पाणी असलं तरी तो अत्याचारच.

आईबाप असं का करतात? ते काही राक्षस नाहीत. मी शेकडो आईबापांशी बोलले आहे. दहावीपर्यंत शाळा गावात असते, पुढच्या कॉलेजला जेऊर, करमाळा, टेंभुर्णी नाहीतर इंदापूर गाठावं लागतं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं एसटीचा मोफत पास मिळतो. पास आहे, पण वस्तीच्या फाट्यावर गाडी थांबत नसेल तर त्या पासचं काय करायचं? दोन किलोमीटर उसातल्या पाणंदीनं पोरगी एकटी चालणार, कुणीतरी मागं लागणार, मग गावात चर्चा, मग बाप म्हणणार, "नको ती कटकट, देऊन टाकू." म्हणून मी म्हणते, सकाळची एसटी फाट्यावर थांबवण्यासाठी आगारात दिलेला अर्ज हे अत्याचार रोखण्याचंच काम आहे. गावातल्या पुढाऱ्यांनी माईकवर भाषण करण्याआधी तो अर्ज लिहावा.

आणखी एक कारण आपल्या उसातच आहे. दिवाळीनंतर बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि आपल्या रानाच्या कडेला कोप्या घालतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे जोडपं. एकटा माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. विचार करा, जिथं अख्खा माणूस अर्धा धरला जातो, तिथं पोराचं लग्न लवकर लावण्यात पैसा आहे, आणि पोरीला गावाकडं एकटी ठेवून सहा महिने जायची आईला भीती आहे. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या की लग्न ठरतं. याच टोळ्यांतल्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा झाला तर दंड, म्हणून पाळी नको, म्हणून पिशवी नको. तो ऊस कुणाच्या फडातला? आपल्या. त्या कोप्यांत राहणारी लेकरं कुणाच्या शाळेशेजारी? आपल्या. काठावर झोपड्या घालून राहणाऱ्या परप्रांतीय मच्छीमारांची लेकरंही तिथंच आहेत. ती आपल्या गावच्या मतदारयादीत नाहीत, म्हणून आपल्या गावचीच नाहीत का?

आता मुद्द्याचं. एक बालविवाह लावायला किती हात लागतात? मोजू या. मध्यस्थी करणारा सोयरा. पत्रिका छापणारा, किंवा आजकाल मोबाइलवर पाठवायची पत्रिका बनवणारा. मंडपवाला. आचारी. बँडवाला. फोटोवाला. मंगलाष्टका म्हणणारा. आणि अक्षता टाकणारे आपण सगळे, टॉवेल-टोपी घेऊन फोटोत उभे राहणारे. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा लग्न लावणाऱ्यालाही धरतो आणि लग्नाला उत्तेजन देणाऱ्याला, हजर राहणाऱ्यालाही धरतो. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट नीट उमगली होती. बाप एकटा लग्न लावू शकत नाही. त्याला गावाचे हात लागतात. आणि ज्याला गावाचे हात लागतात, ते गावानं हात काढून घेतले की उभं राहत नाही.

याचा दाखला मी देते, आणि तो बालविवाहाचा नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळी जमली. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. केशवपनावर धर्माचे पंडित वर्षानुवर्षं वाद घालत होते. पण वस्तरा कुणाच्या हातात होता? न्हाव्याच्या. त्यानं तो खाली ठेवला! माझ्या मते महाराष्ट्रातल्या सामाजिक चळवळीतला हा फार मोठा क्षण आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळीही मिळत नाहीत.

दुसरा दाखला आपल्या करमाळ्याचा. महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे. कोरोनाच्या काळात त्यांच्या एका सहकाऱ्याचं निधन झालं. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या गेल्या, कुंकू पुसलं गेलं, मंगळसूत्र काढलं गेलं, ते त्यांनी पाहिलं. आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. आपण खाली मान घालून उभे राहतो. ते घरी गेले आणि त्यांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून ठेवलं, की माझ्या मागं माझ्या बायकोवर यातलं काही करायचं नाही. मग दुसऱ्या पुरुषांनीही तसं लिहून दिलं. ही हाक शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला पोचली. ४ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

मला त्या ठरावापेक्षा तो मुद्रांक मोठा वाटतो. का? ठराव गाव करतं. मुद्रांकावर मात्र पुरुषाला स्वतःचं मरण लिहावं लागतं, आणि आपल्या बायकोचं त्यानंतरचं जगणं डोळ्यांपुढं आणावं लागतं. इथं बसलेल्या किती जणांनी तो विचार केला आहे?

पण विधवेच्या बांगड्या कोण फोडतं, हेही आज बोललं पाहिजे. पुरुष फोडत नाहीत. नदीवर, हौदावर, बायकाच फोडतात. कालपर्यंत तिच्यासोबत जात्यावर, हळदीला, डोहाळजेवणाला बसलेल्या. माझ्या आयाबायांनो, तुमच्यावर रागावून मी हे म्हणत नाही. आपल्याला तसंच शिकवलं गेलं. पण लोखंड्यांच्या त्या न्हाव्यांनाही तसंच शिकवलं होतं.

आता एक सावधगिरीचं. गावाचा सहभाग म्हटलं की सगळे टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही, कारण गाव म्हणजे कोण, हे आधी ठरायला हवं. चावडीवर बसलेली नऊ पुरुष माणसं म्हणजे गाव का? जातपंचायतीही गावाच्याच नावानं बसत होत्या. बाईनं तोंड उघडलं तर घर वाळीत टाकत होत्या. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाची, पाण्याची अनेक भांडणं तिनं मिटवली, ते श्रेय तिला द्यायलाच हवं. पण नवऱ्यानं बायकोचा हात मोडला, तर तो तंटा आहे का? तो गुन्हा आहे. तंटा दोघांचा असतो. तो मिटवला की बक्षिसाच्या यादीत एक आकडा वाढतो, आणि बाई परत त्याच घरात जाते, या वेळी सगळ्या गावानं घालून दिलेल्या अटींसकट. "तू जरा सोसून घे, तो दारू कमी करील." अशा बैठका मी पाहिल्या आहेत. बाई दारामागं उभी, तिच्या वतीनं तिचा भाऊ बोलतो, आणि भावालाही घाई असते.

म्हणून मी महिला ग्रामसभेचा आग्रह धरते. आपल्या कायद्यात आहे, मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची. बऱ्याच गावांत ती वहीत होते. अंगठे आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात. ती खरीखुरी घ्या. अंगणवाडीत घ्या, दुपारी घ्या, कोप्यांतल्या बायकांनाही बोलवा. दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीवर मत देणाऱ्या बायका याच महाराष्ट्रातल्या आहेत. त्या पेटीपर्यंत एकेकट्या गेल्या नव्हत्या.

बालविवाह रोखायची जबाबदारी सरकारनं खेड्यात ग्रामसेवकावर टाकली आहे आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका दिली आहे. ग्रामसेवक बहुधा तालुक्याच्या गावी राहतो. सेविका कुठं राहते? तुमच्या शेजारी. लग्न थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी तिला त्याच घरातलं बाळ वजनाला आणायचं असतं. तिची पोरगी त्याच आळीतून शाळेत जाते. एकटीच्या जिवावर ती किती दिवस तग धरणार? १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन तिनं करावा असं सगळ्यांना वाटतं. पाच घरांनी केला तर कुणी केला हे शोधणंच संपेल.

लेकरांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथं वादाला जागाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लेकरावरचा लैंगिक अत्याचार माहीत असूनही न कळवणं हा गुन्हा ठरवला आहे. घराण्याची अब्रू, चुलत्याचं नाव, पोरीचं पुढचं लग्न, यांतलं काहीही त्या कायद्यापुढं टिकत नाही. लेकरू जवळ येऊन काही बोललं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. "तुला तसं वाटलं असंल" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या एका वाक्यानं ते लेकरू पुढची वीस वर्षं गप्प बसतं.

वेळ झाली आहे, अध्यक्ष महाराज, मला दिसतं आहे. एवढं सांगून थांबते.

गिरणीतल्या त्या बाईनंतर आम्ही आमच्या वस्त्यांवरच्या चार-पाच जणींनी एक ठरवलं. आवाज आला की जायचं. भांडायला नाही, पंच म्हणून तर नाहीच. काहीतरी मागायला जायचं. पहिल्यांदा मी गेले ती थंडीच्या दिवसांत, रात्री दहाच्या सुमाराला, उसाच्या सरीतून बॅटरी धरून. माझ्या मागं बांधावर आणखी दोन बॅटऱ्या होत्या. हातात वाटी. दार वाजवलं. आतला आवाज थांबला. त्यानं दार उघडलं, हातात पट्टा तसाच. मी म्हटलं, "विरजण हाय का थोडं?"

"आत्ता?" तो म्हणाला.

"व्हय. दूध कोमट हाय, निवून जाईल."

तो बाजूला झाला. मी आत गेले. ती चुलीपाशी भिंतीला पाठ लावून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, वाटी खाली ठेवली. बाहेर बांधावरच्या दोन बॅटऱ्या दारापर्यंत आल्या होत्या. तिनं उठून शिंक्यावरचं मडकं काढलं. हात थरथरत होता, म्हणून दही वाटीत कमी आणि जमिनीवर जास्त सांडलं. मी तासभर तिथून उठले नाही.